डेथ व्हॅलीचे रंगीत डोंगर: पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांसाठी

पहिल्या खेपेला आम्ही आर्टिस्ट्स पॅलेटला पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. फोटोंत पाहिलेले गुलाबी, पिस्ता, अबोली डोंगर समोर होते खरे, पण धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखे. बायको म्हणाली, "हेच का ते?" मी हट्टाने पाऊणशे फोटो काढले. घरी येऊन पाहिले, तर एकही ठेवण्याजोगा नव्हता. कॅमेरा नवा, लेन्स महागाची, आकाश निरभ्र. चुकलं होतं ते घड्याळ.

त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातून चार हिवाळे तिथे जाऊन आलो. आता दर डिसेंबरात ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारतंच, "डेथ व्हॅलीला चाललोय, कुठे उभं राहू, सेटिंग काय ठेवू?" फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतोय. हे नवख्यांसाठी आहे. तुमच्याकडे साधा डीएसएलआर किंवा मिररलेस असेल, नाहीतर फक्त फोन असेल, तरी चालेल.

आधी डोंगर ओळखून घ्या

कॅलिफोर्नियाच्या पूर्वेच्या कडेला, थोडंसं नेवाडात शिरलेलं हे उद्यान ३४ लाख एकरांचं आहे. गोव्यासारखी तीन राज्यं आत ठेवली तरी जागा उरेल. १९३३ साली राष्ट्रीय स्मारक म्हणून राखलं गेलं, १९९४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. त्यामुळे 'एका दिवसात सगळं बघू' हा बेत पहिल्यांदा डोक्यातून काढा. रंगीत खडकांपुरतं बोलायचं, तर फर्नेस क्रीक या उद्यानातल्या वस्तीच्या आसपासचा भाग पुरे. झब्रिस्की पॉइंट, गोल्डन कॅन्यन, ट्वेंटी म्यूल टीम कॅन्यन आणि आर्टिस्ट्स ड्राइव्ह या चारही जागा तिथून जवळ आहेत.

दिसायला सगळेच 'रंगीत डोंगर', पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने यांच्यात दोन जाती आहेत, आणि पुढचं सगळं या दोन जातींवरच अवलंबून आहे.

पहिली जात झब्रिस्कीची. सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी आटलेल्या एका सरोवराच्या तळाचा हा गाळ. चिखल, रेती, ज्वालामुखीची राख असे थर साचले, पुढे जमिनीच्या हालचालीत ते कलले, आणि पावसाने त्यांत ओघळ पाडले. वर्षाला जेमतेम दोन इंच पाऊस पडतो इथे, पण पडतो तेव्हा धबाधबा पडतो आणि माती इतकी चिकण की पाणी मुरत नाही, सगळं वरून वाहून जातं. झाडझाडोरा नाही, मुळं धरून ठेवायला काही नाही. म्हणून डोंगराच्या अंगावर घड्या पडल्यासारखे हजारो ओघळ. रंग मात्र मोजकेच: हळदी, मोतिया, मातकट, मधेच चॉकलेटी पट्टा. इथे फोटो निघतो तो आकाराचा.

दुसरी जात आर्टिस्ट्स पॅलेटची. हे मूळचे ज्वालामुखीतून आलेले थर, गरम पाण्याने आणि हवेने आतल्या खनिजांचा रंग पालटलेले. लाल, गुलाबी, पिवळा रंग लोखंडाच्या गंजाचा, म्हणजे आपल्या गेरूचा आणि पिवडीचाच; हिरवट-पिस्ता रंग क्लोराइट नावाच्या खनिजाचा. इथल्या मूळ रहिवाशांना, टिंबिशा शोशोनींना, हे आपल्याआधी ठाऊक होतं. 'टिंबिशा' या नावाचा अर्थच 'खडकाचा रंग' असा आहे, इथल्या लाल मातीवरून पडलेला. ही मंडळी आजही फर्नेस क्रीकला राहतात. तर इथे फोटो निघतो तो रंगाचा.

आकार टिपायला तिरपं, धारदार ऊन लागतं. त्याने प्रत्येक ओघळाची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते, आणि डोंगर फुगून समोर येतो. रंग टिपायला उलट हवं: मऊ, पसरलेला उजेड, सावल्या जवळजवळ नाहीतच. भर उन्हात फिकट रंगाच्या खडकावरून इतका पांढरा उजेड परत येतो की गुलाबी आणि पिस्ता त्यात बुडून जातात. दुपारी दीडला आमचं नेमकं हेच झालं. तेव्हा कोणत्या जागी कोणत्या वेळी उभं राहायचं, हे आधी ठरवा. लेन्सचा विचार नंतर.

कधी जायचं, किती राहायचं

नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत. उन्हाळ्यात जाऊ नका, हे मी अगदी सरळ सांगतो. जगातलं सर्वाधिक नोंदलेलं तापमान याच फर्नेस क्रीकचं आहे, १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सियस. हल्लीही उन्हाळ्यात पारा ४९ च्या वर जाणं नवलाचं नाही. अशा उष्म्यात हवा इतकी विरळ होते की सुटकेसाठी हेलिकॉप्टरही नीट उडू शकत नाही. उद्यानाचा स्वतःचा सल्ला आहे की उन्हाळ्यात सकाळी १० नंतर खालच्या भागात पायी हिंडू नये. फोटोसाठी तर हिवाळाच बरा: सूर्य दिवसभर बुटका असतो, पहाट फार लवकर उठवत नाही, आणि पश्चिमेच्या पॅनामिंट रांगेवर बर्फ असला तर हळदी डोंगरांमागे पांढरी किनार मिळते.

दोन रात्री ठेवा. कारण साधं आहे: झब्रिस्की सकाळी करायचा, गोल्डन कॅन्यन आणि आर्टिस्ट्स पॅलेट दोन्ही संध्याकाळी. संध्याकाळ एकच असेल तर दोहोंपैकी एकाचा बळी जातो. मुक्काम फर्नेस क्रीकला परवडत असेल तर उत्तम, तंबूची सवय असेल तर त्याहून उत्तम. नाहीतर नेवाडातलं पाहरम्प तासाभरावर आहे, स्वस्त आहे, पण पहाटे चारला उठायची तयारी ठेवा. लास व्हेगासहून ये-जा करू नका. दोन तास लागतात, आणि अंधारात उठून दोन तास गाडी हाकल्यावर फोटोचा उत्साह कुणाचाच टिकत नाही. आमचा टिकला नव्हता.

निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर कोणते रस्ते आणि पायवाटा बंद आहेत ते आदल्या दिवशी बघा. ही औपचारिकता नव्हे. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाने एका दिवसात २.२ इंच पाऊस टाकला, म्हणजे वर्षभराचा हिशेब एका दिवसात चुकता झाला. रस्ते इतके वाहून गेले की उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद होतं. गोल्डन कॅन्यनमध्ये तर एकेकाळी डांबरी रस्ता होता. १९७६ च्या पुराने तो नेला, त्याचे तुकडे आजही वाटेत दिसतात.

पिशवीत काय हवं

नवखे लोक इथे येताना सगळ्यात रुंद लेन्स आणतात, कारण जागा अफाट आहे. माझा अनुभव उलटा आहे. रुंद लेन्सने अर्धा फोटो आकाशाने आणि अर्धा पुढ्यातल्या मातीने भरतो, आणि डोंगर मधे पापडाएवढे होतात. एकच लेन्स न्यायची तर ७०-२०० मिमी, म्हणजे दूरचं जवळ आणणारी, न्या. ती नसेल तर कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सचं लांबचं टोक वापरा. दूरच्या लेन्सने मागचे-पुढचे ओघळ एकमेकांवर सरकतात, थर दाट दिसतात. मला आवडलेल्या माझ्या फोटोंपैकी बहुतेक १०० ते २०० मिमीचे आहेत.

ट्रायपॉड हवाच. आणि ट्रायपॉडबरोबर त्याची प्लेट. हसू नका. दुसऱ्या खेपेला मी ती खोलीतल्या टेबलावर विसरलो आणि कॅमेरा टोपीवर टेकवून पहाट काढली. ज्यादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा; हिवाळ्यातल्या पहाटे बाहेरच्या थंडीत ती भराभर उतरते. लेन्स पुसायचं कापड दोन घ्या, इथली धूळ पिठासारखी बारीक आहे. उघड्यावर वाऱ्यात लेन्स बदलू नका, गाडीत बसून बदला.

पोलरायझरबद्दल, म्हणजे लेन्सवर लावायच्या चकाकी कापणाऱ्या काचेबद्दल, बरंच ऐकलं असेल. तो सूर्य बाजूला असताना काम करतो, सूर्य थेट पाठीमागे असेल तर काहीच करत नाही. म्हणजे झब्रिस्कीच्या पहाटेला तो पिशवीतच राहू द्या. दिवसा खडकावरची चकाकी कमी करायला उपयोगी पडतो, पण रुंद लेन्सवर लावलात तर आकाश एका बाजूला काळपट आणि दुसऱ्या बाजूला फिकट येतं.

डोक्याला लावायचा दिवा, जमल्यास लाल उजेडाचा. बाकी पाणी: माणशी दिवसाला किमान चार लिटर, गाडीत ठेवलेलं. खायला बरोबर न्या. उद्यानातली उपाहारगृहं मोजकी आणि महाग आहेत, पहाटे तर सगळी बंदच. आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेतो.

पहाट: झब्रिस्की पॉइंट

फर्नेस क्रीकहून हायवे १९० ने आग्नेयेला साधारण पाच मैल. गाडीतळावरून वर चढणारी छोटी फरसबंद वाट आहे, पाच-सात मिनिटांची. नाव बोरॅक्सच्या कंपनीतल्या एका अधिकाऱ्याचं, ख्रिश्चन झब्रिस्कीचं. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, सोनार डाग द्यायला वापरतात तो. कॅरम बोर्डावर शिंपडायची बोरिक पावडर याच खनिजापासून बनते. १८८० च्या दशकात खेचरांच्या लांबच लांब तांड्यांनी तो इथून १६५ मैलांवर मोहाव्हेच्या रेल्वे स्थानकापर्यंत नेत असत.

सूर्योदयाच्या पाऊण तास आधी वर उभे राहा. डिसेंबरात सूर्योदय पावणेसातच्या आसपास असतो, म्हणजे सहाला तिथे. तुमच्याआधी पाच-दहा ट्रायपॉड रोवलेले असतील; त्यांच्या पुढ्यात न जाता कडेला जागा बघा. समोर, पश्चिमेकडे, उजवीकडे झुकलेला जो टोकदार सुळका आहे तो मॅन्ली बीकन. १८४९-५० मध्ये सोन्याच्या शोधात निघून या खोऱ्यात अडकलेल्या कुटुंबांना बाहेर काढणाऱ्या विल्यम मॅन्लीच्या नावाचा.

आता पाऊण तासात काय काय होतं ते सांगतो, कारण प्रत्येक टप्प्याला वेगळा फोटो आहे आणि घाई केली तर शेवटचाच हाती लागतो.

पहिल्यांदा सगळं निळसर-करडं असतं. पश्चिमेला पॅनामिंटच्या माथ्यावर आकाशात खाली एक निळी-राखाडी पट्टी आणि तिच्यावर गुलाबी पट्टी दिसेल. खालची पट्टी म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. सूर्य वर येतो तशी ती डोंगरामागे बुडत जाते. हा फोटो बहुतेक लोक काढतच नाहीत, बोलत उभे राहतात. आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर एक सेकंदाच्या आसपास, दोन सेकंदांचा टायमर. उजेड मऊ आहे, तेव्हा ओघळांचे फिकट रंगही याच वेळी वेगळे दिसतात.

मग टेलिस्कोप पीक या पॅनामिंटच्या शिखराच्या टोकाला, ११,०४९ फुटांवर, पहिला तांबूस ठिपका लागतो. तो उजेड पायरी पायरीने खाली उतरतो. झब्रिस्कीच्या ओघळांवर मात्र अजून ऊन नाही, कारण तुमच्या पाठीमागेही डोंगर आहेत. लांबची लेन्स लावा आणि तापलेल्या पॅनामिंटखाली सावलीतला मॅन्ली बीकन घ्या: वर शेंदरी, खाली निळा.

नंतर तुमच्याच पाठीवर ऊब लागते आणि बीकनच्या टोकाला ऊन शिवतं. इथून पुढची वीस मिनिटं खरी. शटर आता १/६०, मग १/१२५. सगळे समोर बीकनवरच कॅमेरे रोखून असतात. तो एक फोटो घ्या आणि लगेच डावीकडे, नैऋत्येला वळा. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, त्यामुळे त्या बाजूचे ओघळ तिरप्या उन्हात असतात, प्रत्येकाच्या एका अंगाला सावली. आकाश पूर्ण कापा. फक्त घड्या, सावल्या, एखादा चॉकलेटी पट्टा. नवख्याने हा एक फोटो नीट काढला तरी खेप वसूल झाली, असं मी समजतो.

एक्स्पोजरची, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्याची, एक सावधगिरी. हे खडक फिकट आहेत आणि पहाटेचं ऊन तांबडं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर साधा हिस्टोग्राम (उजेड दाखवणारा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) ठीक दिसतो, पण त्यातली लाल रेघ उजव्या भिंतीला धडकलेली असते, आणि मग हळदी रंगाचा भाग प्लास्टिकसारखा सपाट होतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम दाखवायची सोय बहुधा असते, ती चालू करा. लाल धडकत असेल तर एक्स्पोजर एक-तृतीयांश किंवा दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात, ठेवा. व्हाइट बॅलन्स (उजेडाची पिवळी-निळी झाक सांभाळणारं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, 'डेलाइट'वर ठेवा; ऑटोला वाटतं की एवढा पिवळेपणा ही चूक आहे, आणि तो इमानेइतबारे ती दुरुस्त करतो.

ऊन चढलं की अर्ध्या तासात जादू ओसरते. तेव्हा गाडीत बसा.

मधला वेळ

झोपा. खरंच. नाहीतर झब्रिस्कीच्या थोडं पुढे ट्वेंटी म्यूल टीम कॅन्यनचा कच्चा एकेरी रस्ता आहे, २.७ मैलांचा, तिथे सकाळीच चक्कर मारा. एरवी साधी गाडी जाते, पण भाड्याची असेल तर करारात कच्च्या रस्त्याला मनाई आहे का ते आधी वाचा. वळणावळणाला मोतिया रंगाच्या टेकड्या अगदी अंगावर येतात. इथे फोटोत एक माणूस उभा करा, वाटेवरच, दूर, लाल किंवा निळा शर्ट घालून. या डोंगरांना झाड नाही, घर नाही, त्यामुळे फोटोत ते दहा फुटांचे की दोनशे फुटांचे हे कळत नाही.

दुपारी संध्याकाळच्या जागा बिनकॅमेऱ्याने हिंडून या. कुठे उभं राहायचं ते उजेड असताना ठरलं की संध्याकाळी धावपळ होत नाही.

ढग असतील तर हे सगळं विसरा आणि थेट आर्टिस्ट्स पॅलेटला जा. पातळ ढगांचा दिवस ही तिथली लॉटरी आहे.

पहिली संध्याकाळ: गोल्डन कॅन्यन

बॅडवॉटर या मिठाच्या पटांगणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. रेड कॅथीड्रल या लाल कड्यापर्यंत ये-जा तीन मैलांच्या आसपास. सूर्यास्ताच्या अडीच तास आधी चालायला लागा. घळीचं तोंड पश्चिमेला, म्हणून सकाळी इथे काही नाही, ऊन दुपारनंतरच आत शिरतं.

घळीत फोटो काढायची एक युक्ती आहे. ऊन एका भिंतीवर पडतं आणि तिथून उसळून समोरच्या, सावलीतल्या भिंतीवर जातं. ती सावलीतली भिंत आतून दिवा लावल्यासारखी उजळते. ऊन लागलेल्या भिंतीचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही समोरच्या भिंतीचा काढा. चौकटीत उन्हाचा थेट तुकडा येऊ देऊ नका, नाहीतर कॅमेरा त्याच्याकडे बघून बाकी सगळं काळं करतो. शेवटी रेड कॅथीड्रलवर उतरतं ऊन पडलं की पुढच्या पिवळ्या टेकड्या आणि मागे तो तांबडा कडा, दोन रंगांचा सरळ फोटो मिळतो.

वाट सोडून कडेच्या उतारावर चढू नका. सह्याद्रीत हिंडलेल्यांना हा मोह हमखास होतो. आपल्याकडे काळा दगड पायाला धरतो. इथला डोंगर म्हणजे वाळलेला चिखल. वरचा पापुद्रा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटतो आणि खाली भुसभुशीत चुरा असतो. पाय घसरतो हे एक, आणि पावलांचे ठसे वर्षानुवर्षं राहतात हे दुसरं. दुसऱ्याच्या फोटोत तुमचे बूट दिसत राहतात. ड्रोनला बंदी आहे, या एकाच नव्हे तर सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत.

परतताना अंधार होतो. दिवा गाडीत ठेवून गेला नसाल ना?

दुसरी संध्याकाळ: आर्टिस्ट्स पॅलेट

आर्टिस्ट्स ड्राइव्ह हा नऊ मैलांचा एकेरी फेरा आहे, दक्षिणेकडून शिरायचं. २५ फुटांपेक्षा लांब वाहनाला मनाई. पॅलेटचा गाडीतळ साधारण निम्म्या वाटेवर. चुकून पुढे गेलात तर मागे फिरता येत नाही, पुन्हा सगळा फेरा.

फोनवरच्या सूर्यास्ताच्या वेळेवर विसंबू नका. ती सपाट क्षितिजाची असते. इथे पश्चिमेला पॅनामिंटची भिंत आहे, हिवाळ्यात सूर्य तिच्यामागे अर्धा-पाऊण तास आधीच जातो. मी एकदा असाच 'अजून वेळ आहे' म्हणत चहा पीत बसलो आणि पोचलो तेव्हा डोंगर सावलीत. वैतागून ट्रायपॉड लावला, आणि तेव्हा कळलं की खरा फोटो हाच.

उतरत्या उन्हात पॅलेट उबदार दिसतं, पण सगळ्यावर एकच केशरी पाणी फिरल्यासारखं. पिस्ता रंगाचा पट्टा पिवळट होतो, गुलाबी नारिंगी होतो. ऊन गेलं की पश्चिमेचं उजळ आकाश एखाद्या मोठ्या पडद्यासारखं समोरून मऊ उजेड टाकतं. केशरी धुतलं जातं आणि एकेक रंग आपापल्या जागी बसतो: पिस्ता, अंजिरी, आमसुली, मधेच राखेचा पांढरट डाग. हे पंधरा-वीस मिनिटं टिकतं. उन्हातलाही काढा, पण ऊन गेल्यावर बाकीच्यांसारखे गाडीकडे वळू नका.

एफ/८, आयएसओ १००, शटर १/१५ पासून खाली. सावली उजेडाला निळसर करते, म्हणून व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वरच ठेवून नंतर संगणकावर किंचित ऊब द्या. आख्खा डोंगर एका फोटोत कोंबू नका. तीन रंग एकत्र येतात असा तुकडा शोधा, लेन्स लांब करा, आणि त्या तीन रंगांच्या सीमा चौकटीत तिरप्या जातील असं बघा. आकाश नको. गाडीतळावरून पुढे उतरणाऱ्या वाटा आहेत, त्या छोट्या ओढ्यांतून चार पावलं गेलं की पुढ्यातल्या माणसांची डोकी सुटतात.

फोनवाल्यांसाठी

फोनने इथे चांगले फोटो निघतात, तीन गोष्टी सांभाळल्या तर. एक, लेन्स शर्टाने नको, कापडाने पुसा. दोन, २ किंवा ३ पट झूमचा वेगळा कॅमेरा असेल तर तोच वापरा, पण उजेड कमी झाला की बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचा फोटो कापून देतात. ते ओळखायचं तर झूमच्या भिंगावर बोट ठेवून बघा, पडद्यावर काळोख होत नसेल तर फसवणूक चालू आहे. तीन, खडकावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. फोन सावल्या उजळवण्याच्या नादात झब्रिस्कीचे ओघळ सपाट करतो. सावली काळी राहिली तरच तिथे आकार दिसतो. रॉची सोय असेल तर ती चालू करा.

घरी आल्यावर

रंग वाढवायची मूठ आवळा. सॅच्युरेशनची पट्टी थोडी जरी जास्त गेली तर आर्टिस्ट्स पॅलेट रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीच्या गल्लीसारखं दिसतं. आधी व्हाइट बॅलन्स, मग काळ्या छटा किंचित खाली, मग हवेतला धुरकटपणा काढायचं साधन अगदी थोडं. एवढं केलं की रंग आपोआप वर येतात. तरी हिरवा आणि पिवळा एकमेकांत मिसळत असतील तर रंग न वाढवता फक्त पिवळ्याचा उजेड थोडा वाढवा. हिरवा वेगळा सुटून दिसतो. झब्रिस्कीच्या फोटोवर एकदा काळा-पांढरा प्रयोग करून बघा. ज्या फोटोत आकार चांगला आला आहे तो रंग काढल्यावरही उभा राहतो, नसेल तर लगेच पडतो. पुढच्या खेपेला कुठे उभं राहायचं हे त्यातून बरंच कळतं.

आणि जाण्याआधीची शेवटची कामं: उद्यानात बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा. पेट्रोल पाहरम्प किंवा बीटी या नेवाडातल्या गावांत भरा, आत ते मिळतं पण खिसा कापून. परत आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडून ओल्या फडक्याने पुसा, विशेषतः बॅडवॉटरच्या मिठावर उभा केला असेल तर. माझ्या एका ट्रायपॉडचा खालचा खटका अजून फिरत नाही.